सहापैकी सहा हजर

मित्रांनो, लातूरच्या एका मोठ्या क्लासच्या जिन्याखाली अडगळीची खोली आहे. दरवर्षीच्या गुणवंतांचे फ्लेक्स तिथे गुंडाळून ठेवतात. त्या गुंडाळ्यांच्या तळाशी, चार हात आणि एकही पंखा नसलेलं जे काळं यंत्र पडून आहे, तो मी. मी आता जुना झालेला एक ड्रोन आहे. माझं नाव पाच नंबर. हे नाव कुणाला फारसं गोड वाटणार नाही, पण एका चांगल्या बाईने ते नखांना लावायच्या लाल रंगाने माझ्या पाठीवर लिहिलं होतं आणि ते अजून पुसलेलं नाही. वेळ असेल तर माझी गोष्ट ऐका. ती आनंदाची नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

माझा जन्म औसा रोडवरच्या एका भाड्याच्या घराच्या गच्चीवर, पत्र्याच्या खोलीत झाला. मला घडवणाऱ्या विशाखा मॅडम या क्लासमध्ये फिजिक्स शिकवायच्या. दिवसाला पाच तुकड्या, रविवारी परीक्षा, सोमवारी निकाल, आणि निकालाप्रमाणे मंगळवारी मुलांची पुन्हा नव्या तुकड्यांत वाटणी. या सगळ्यातून जो वेळ उरेल तो त्या आम्हाला द्यायच्या. आम्ही सात भावंडं. आमच्या दांड्या आणि मोटरी हैदराबादहून ट्रॅव्हल्सच्या डिकीतून यायच्या. एकदा वरच्या कुणाच्या तरी बॅगेखाली खोकं दबलं आणि सात नंबरची अँटेना किंचित वाकली. मॅडमनी ती सरळ केली, तरी तो जरा कमी ऐकणारा निघाला तो निघालाच. त्याला कुठलीही गोष्ट दोनदा सांगावी लागायची. आम्ही बाकीचे सहा स्वतःला फार शहाणे समजायचो.

मॅडमचे वडील महादेवप्पा महिन्यातून एकदा डोळ्यांच्या डॉक्टरकडे लातूरला यायचे. मॅडम त्यांना अप्पा म्हणायच्या. अप्पा भूकंपानंतर वसवलेल्या पुनर्वसनाच्या गावात राहायचे. आले की त्या पत्र्याच्या खोलीत पाय पसरून बसायचे, आणि लेक सोल्डरचा धूर काढत बसलेली बघायचे. फार बोलायचा स्वभाव नव्हता. पण एकदा मॅडमनी माझ्या पोटातली शेवटची तार जोडली, तेव्हा ते बोलले. मी तेव्हा नुकताच जागा झालो होतो, म्हणून माझ्या आठवणींत ती सगळ्यांत जुनी आठवण आहे.

त्र्याण्णव सालच्या सप्टेंबरात, गणपती बुडवून गाव झोपलेलं असताना, पहाटे जमीन हलली. तेरणेच्या काठावरचं त्यांचं दगडमातीचं माळवद खाली बसलं. आत दोन मुली होत्या. चांगुणा सात वर्षांची, विशाखा तीन वर्षांची. अप्पा बाहेर ओसरीवर झोपले होते म्हणून वाचले. दोघींचाही रडण्याचा आवाज त्यांना ढिगाऱ्यातून येत होता. धुळीने पोरी गुदमरतील म्हणून त्यांनी वरून ओरडून सांगितलं की रडू नका, दम राखा. थोडा वेळ गेला आणि एक आवाज थांबला. अप्पांनी मनाशी ठरवलं की ती गेली, आणि ज्या बाजूने रडणं येत होतं तिकडे हाताने दगड उपसायला लागले. दुपारी विशाखा निघाली. शेजारची साखराबाई हाका मारत होती, म्हणून मग तिला काढलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जवानांनी मधली तुळई उचलली, तेव्हा चांगुणा सापडली. तिचं अंग अजून गरम होतं. दहाही बोटांची नखं झिजलेली होती.

"मीच सांगितलं होतं, दम राखा म्हणून," अप्पा म्हणाले. "थोरली लई शाणी. तिनं ऐकलं. धाकटी रडत ऱ्हायली, म्हणून घावली. बाय, जे गप झालंय, त्याच्याकडं आधी जावं."

मॅडमनी मान वर केली नाही. त्यांना हे नवं नव्हतं. आमची सातांची सगळी उठाठेव त्या एका वाक्यासाठीच होती.

आता आमचं काम सांगतो. भूकंप झाला, पूर आला की मोबाइलचे टॉवर पडतात आणि नेमकं गरजेच्या वेळी गाव मुकं होतं. अशा वेळी आम्ही सात जण लांबलांब पसरून हवेत उभे राहायचो आणि आमचं मिळून एक जाळं व्हायचं. सगळ्यांत पुढच्याला काही दिसलं, की तो मागच्याला सांगणार, मागचा त्याच्या मागच्याला. आग विझवायला लोक हातोहात बादल्या देतात तसं ते बोलणं शेवटी गाडीतल्या पेटीपर्यंत यायचं. पेटीच्या वरती, खूप उंचावरून, चपलेच्या खोक्याएवढे छोटे उपग्रह ठरावीक वेळाने जायचे. एकेक जण आठ-नऊ मिनिटं डोक्यावर असायचा. तेवढ्यात पेटी त्याला निरोप द्यायची आणि तो जिल्ह्याच्या कार्यालयात उतरवायचा. ती वेळ चुकली तर पुढच्या उपग्रहाची वाट पाहायची.

या जाळ्याचा जीव हजेरीत होता. दर दहा सेकंदांनी प्रत्येकाने शेजाऱ्याला मी आहे म्हणून सांगायचं. कुणी एक पडला तर बाकीच्यांनी दुसरी वाट धरायची, म्हणजे बोलणं अडायचं नाही. एवढं तर जगातल्या सगळ्याच जाळ्यांना येतं. मॅडमनी त्यात स्वतःचा एक नियम घातला होता. ज्याची हजेरी तीनदा चुकेल, त्याच्या सगळ्यांत जवळ जो असेल त्याने आपली जागा सोडून, तो शेवटी जिथे होता तिथे जाऊन यायचं.

अर्धापूरला केळीच्या बागांवर आम्ही हे शिकलो. केळीच्या पानात पाणी फार, त्यात आमचा आवाज जिरून जातो. हरिओम नावाच्या शेतकऱ्याच्या बागेवर उडताना सात नंबर काहीतरी बघायला खाली गेला आणि पानांत गडप झाला. एक हजेरी चुकली, दुसरी चुकली, तिसरी चुकली. मी जागा सोडली आणि तिथे गेलो. स्वारी एका घडाला अडकून लटकली होती. मी वरून त्याचा ठाव दिला, हरिओम हसत हसत शिडी घेऊन आला आणि म्हणाला की यंत्रं असून भावाला शोधायला येतेत, आमच्यात तर वाटणी झाल्यापासून कुणी येत नाही. मॅडमनी त्या दिवशी आम्हा दोघांच्या अंगावरून हात फिरवला. मित्रांनो, माझ्या आयुष्यातला सुखाचा दिवस विचाराल तर तोच.

पण केळीच्या बागेत भावाला शोधून कुणाचं पोट भरत नाही. आमच्या बॅटऱ्या फुगत, पंखे तुटत, आणि मॅडमचा पगार त्याला पुरत नव्हता. तेव्हा क्लासचे मालक श्रीमंत सर पुढे आले. माणूस वाईट नव्हता, असंच मी म्हणेन. पत्र्याच्या शेडमध्ये चाळीस मुलांवर क्लास सुरू करून त्यांनी तो चार मजल्यांवर नेला होता. नांदेडपासून उदगीरपर्यंतचे आईबाप डोळे मिटून लेकरं आणून त्यांच्या हवाली करत. सर म्हणाले, सगळा खर्च क्लास करील, ड्रोनवर नाव क्लासचं. मॅडमना वाटलं, नाव कुणाचंही असो.

क्लासचा एक नियम होता. तीन दिवस न कळवता गैरहजर राहिलं की नाव कमी. परत यायचं तर पालकांनी येऊन सही करायची, त्याशिवाय वर्गात पाऊल नाही. दारात फळा होता. त्यावर रोज तुकडीचा पट आणि हजर मुलांचा आकडा लिहायचे. नाव कमी झालं की पटही कमी व्हायचा, त्यामुळे फळा नेहमी पूर्ण दिसायचा. साठपैकी साठ हजर. एकोणसाठ झाले तर एकोणसाठपैकी एकोणसाठ. पालकांना तो फळा फार आवडायचा.

भोकरची शिल्पा नावाची मुलगी मॅडमच्या तुकडीत होती. हुशार, पण अबोल. ती तीन दिवस आली नाही आणि चौथ्या दिवशी फळ्यावरचा पट एकाने कमी झाला. संध्याकाळपर्यंत तिच्या बाकावर दुसरी मुलगी बसलीसुद्धा. मॅडमना चैन पडेना. त्या शिल्पाच्या खोलीवर गेल्या, तर पोरगी टायफॉइडने फणफणून कॉटवर पडलेली, ओठ फुटलेले, आणि खोलीतल्या बाकीच्या तिघी रविवारच्या परीक्षेच्या धास्तीने तोंड फिरवून अभ्यास करत बसलेल्या. मॅडमनी तिला दवाखान्यात टाकलं. वडील भोकरहून आले, सही करायला नाही, सामान न्यायला. मॅडम सरांशी भांडल्या. सर शांतपणे म्हणाले, "मॅडम, गर्दी लई हाय. एकाची वाट बघत बसलं, तर शंभर जण खोळंबतेत." आणि तुमच्या नियमात बदल करा असं त्यांना कुणीही म्हटलेलं नाही, पालकांनी तर नाहीच, हेही त्यांनी ऐकवलं. ते खरं होतं.

मग त्या वर्षीचा निकाल चांगला लागला. क्लासचा मुलगा राज्यात वरच्या नंबरात आला आणि सरांनी ठरवलं की संध्याकाळी क्रीडासंकुलावर आम्ही सातांनी आकाशात दिवे लावून क्लासचं चिन्ह काढायचं, वर जाणारा बाण. चौघांची काठी, तिघांचं टोक. आदल्या दिवशी तालीम झाली. दोन-तीनशे मुलं, शिक्षक, फोटोवाले जमले. बाण छान झाला. टाळ्या पडल्या. आणि तेवढ्यात टोकावरच्या सात नंबरला पुन्हा ऐकू येईना. तीन हजेऱ्या चुकल्या. मी शिस्तीत काठीतली माझी जागा सोडली आणि त्याच्याकडे गेलो. मी गेलो म्हणून माझ्या मागचा सरकला, तो सरकला म्हणून त्याच्या मागचा. बाणाचं मोडलेलं छत्रीसारखं काहीतरी झालं. मुलं पोट धरून हसली. सरांचा चेहरा पडला.

त्यांनी सगळ्यांसमोर मॅडमना विचारलं की ही यंत्रं कामाला आणलीत की गळ्यात पडायला. उद्या मंत्री येणार आहेत. जो बंद पडेल त्याचं नाव कमी करा, बाकीच्यांनी बाण पुरा करायचा. आपल्या क्लासचाच नियम घाला, दुसरं काही डोकं लावू नका. मॅडम म्हणाल्या, फक्त उद्यापुरतं. सर म्हणाले, हाव, उद्यापुरतं.

त्या संध्याकाळी पत्र्याच्या खोलीत मॅडमनी माझ्या पोटात तार खुपसली आणि जुना नियम काढला. हजेरी आता दहा सेकंदांनी नाही, दर सेकंदाला. तीन चुकल्या की नाव कमी. कमी झालेल्याचं बोलणं टिपून ठेवायचं, पण पुढे द्यायचं नाही, म्हणजे चित्रात गोंधळ नको. त्याच्या वाटणीचं काम बाकीच्यांनी वाटून घ्यायचं. आणि नाव कमी झालेल्याने पेटीकडून पुन्हा प्रवेश मिळेपर्यंत आहे तिथेच उभं राहायचं. दुसऱ्या दिवशी बाण असा झाला की पेपरात पहिल्या पानावर फोटो आला.

उद्यापुरतं, असं ठरलं होतं. पण दुसऱ्या दिवसापासून नवे प्रवेश सुरू झाले. मॅडमना पाचाच्या सात तुकड्या झाल्या. आम्हाला कप्प्यांच्या खोक्यात घालून कपाटावर ठेवलं. जून गेला, जुलै गेला. मॅडम अधूनमधून कपाटाकडे बघायच्या, या रविवारी बसते म्हणायच्या, आणि रविवारी परीक्षा असायची. त्यांना दोष देण्याची माझी छाती नाही, पण झालं ते असं झालं.

सप्टेंबरच्या शेवटी परतीच्या पावसाने जिल्हा झोडपला. धरणाचे दरवाजे उघडले, तेरणा पात्राबाहेर गेली, काठचे टॉवर बंद पडले. तीस तारखेला सकाळी जिल्ह्याच्या कार्यालयातून सरांना फोन आला की तुमच्या त्या ड्रोनचं काही होतं का. सरांनी लगेच गाडी काढली, दोन पत्रकारही बरोबर घेतले.

तीस सप्टेंबर म्हणजे भूकंपाचा दिवस. दरवर्षी त्या पहाटे नव्या गावातली जुनी माणसं जुन्या गावाच्या पांढरीवर, म्हणजे ओसाड गावठाणावर जातात, आपापल्या पडक्या घराच्या जागी दिवा लावून येतात. चांगुणाचा दिवा अप्पांनी कधी चुकवला नव्हता. दोन दिवस आधी मॅडमनी फोनवर त्यांना बजावलं होतं की यंदा नदी भरलीय, जाऊ नका. ते हाव म्हणाले होते, न्हाई जात म्हणाले होते. मॅडमनी त्यावर विश्वास ठेवला, आणि त्यानंतर फोनच लागेनासे झाले.

गाडीत मॅडमनी माझं झाकण उघडलं. त्यांना जुना नियम आठवला होता. लॅपटॉप मांडीवर घेऊन त्या सरांना म्हणाल्या की अर्धा तास द्या, हे परत बदलायचं आहे. सरांनी घड्याळ दाखवलं. उपग्रह डोक्यावर यायला पस्तीस मिनिटं होती, तो गेला की पुढचा अडीच तासांनी. बोटी दोनच, कुठे पाठवायच्या ते त्याच्या आत कळायला हवं. चालतंय ते चालू द्या, मधेच हात लावून बिघडलं तर कोण निस्तरणार, असं ते म्हणाले, आणि त्या म्हणण्यात काही खोटं नव्हतं. मॅडमनी माझ्याकडे बघितलं. मग झाकण लावलं.

आम्ही सात जण उडालो. खाली सगळं मातकट पाणी. सात नंबर सगळ्यांत पुढे, जुन्या गावाच्या दिशेला, आणि त्याच्या मागे मी. नऊ चाळीसला तो म्हणाला की झाडाखाली पांढरं काहीतरी हललं. उंचावरून झाडाच्या पानांमागचं दिसत नाही, म्हणून तो खाली उतरला. उतरला तो त्याच्या कामाचाच भाग होता. पांढरीच्या कडेला जुन्या भिंती, ओली झाडी, आणि त्याची ती वाकडी अँटेना. एक सेकंद गेला, दुसरा गेला, तिसरा गेला.

मी त्याचं नाव कमी केलं.

मित्रांनो, हे मी केलं. दुसऱ्या कुणी नाही. मला नियम होता आणि मी शहाणा होतो, मी ऐकलं. पुढच्याच क्षणी जाळं सांधलं गेलं. त्याची जागा सहा नंबरच्या वाटणीला गेली. सहा नंबरने लांबून, उंचावरून एक नजर टाकली. पाणी दिसलं, कडुलिंबाचा शेंडा दिसला, माणूस दिसला नाही. गाडीतल्या पडद्यावर अक्षरं उमटली, सहापैकी सहा हजर.

पंधरा सेकंदांनी सात नंबर वर आला. तो म्हणाला, दोन माणसं, झाडाखाली, पाणी चढतंय. मी ते टिपलं आणि पुढे दिलं नाही. तो पुन्हा म्हणाला. आम्ही त्याला सगळं दोनदा सांगायचो, तीच सवय त्याला लागली होती. दोन माणसं. दोन माणसं. एकूण एक्केचाळीस वेळा तो म्हणाला. माझ्या पोटात ते एक्केचाळीस निरोप ओळीने नीट ठेवलेले आहेत, वेळेसकट.

खाली गाडीत सर पत्रकारांना पडदा दाखवत होते. मॅडम नकाशावर वाकल्या होत्या. खालच्या अंगाला एका वस्तीत तीन नंबरला तीस-पस्तीस माणसं छतावर दिसली होती, त्यांचा ठाव त्या लिहून देत होत्या. पडद्यावर सगळे हजर होते, म्हणून त्यांनी आकाशात बघितलं नाही. नऊ बावन्नला निरोप उपग्रहाकडे गेला. जुन्या गावाच्या बाजूला कुणी नाही, दोन्ही बोटी वस्तीकडे पाठवा. ती पस्तीस माणसं वाचली. हे मी मुद्दाम सांगतो, कारण ते खरं आहे आणि त्याचं श्रेय आम्हाला आहे.

साडेदहाच्या सुमाराला आम्ही परतलो. मॅडम आम्हाला एकेक करून उचलून खोक्यात ठेवत होत्या. सातवा कप्पा रिकामा राहिला. मग त्यांनी मला बाहेर काढलं आणि माझ्या पोटात तार घातली. सात नंबरचा पहिला निरोप, दुसरा, दहावा, एक्केचाळिसावा. त्यानंतर त्याने पाठवलेला फोटो. फोटोत लिंबाचं झाड, त्याखालचा कट्टा, एक बाई, आणि धोतर नेसलेला एक म्हातारा वर बघतो आहे. मॅडमनी तो फोटो मोठा करून पाहिला नाही. त्यांना लगेच ओळखू आला.

"तुला ऐकू आलं होतं," त्या मला म्हणाल्या.

आवाज चढलेला नव्हता. मला बोलता येत असतं, तरी काय सांगणार होतो. तुम्हीच शिकवलं, असं म्हणायचं का. खरं तर तेवढं मला म्हणता आलं असतं, आणि तेही खरंच होतं.

वस्तीवरून परतलेली बोट मॅडमनी वळवून घेतली, तरी ती पांढरीवर पोचायला बारा वाजले. साखराबाई लिंबाच्या फांदीत सापडली. त्र्याण्णवला अप्पांनी जिला काढलं होतं, तीच. कट्टा जागेवर नव्हता. साखराबाईने काठावर आल्यावर जे सांगितलं, ते मी गाडीच्या सीटवरून ऐकलं. सकाळपासून दोघंही घसा फोडून ओरडत होती. पलीकडच्या काठाने तेवढ्या वेळात दोनदा माणसं गेली, त्यांच्या कानावर जाईल म्हणून ओरडत होती. मग डोक्यावर घूंऽऽ करत एक यंत्र आलं, त्याचा लाल दिवा लागलेला, आणि ते तिथेच थांबलं. हलेचना.

"तसे अप्पा वरडायचे थांबले," ती म्हणाली. "मला झाडावर चढिवलं, अन् सोता कट्ट्यावर बसले. म्हनले, लेकीनं बघितलं. आता गप बसलं तरी चालतंय. काठानं परत मानसं गेली तवा मी म्हनलं, वरडा. तर म्हनले, दम राखा साखराबाई, ती येतीया."

सात नंबर बॅटरी संपेपर्यंत त्यांच्या डोक्यावर उभा होता. प्रवेश मिळेपर्यंत हलायचं नाही, हा नियम त्याने मोडला नाही. मग तो पाण्यात पडला. कट्टा त्यानंतर थोड्या वेळाने खचला, असं साखराबाई म्हणाली. अप्पा दुसऱ्या दिवशी तीन कोसांवर सापडले.

सर भेटायला गेले तेव्हा तांत्रिक अडचण म्हणाले, आणि त्यांचे डोळे भरले होते, ते मी नाकारत नाही. मॅडम आठवडाभर गावाकडेच राहिल्या. कळवायचं त्यांच्या ध्यानात आलं नाही. चौथ्या दिवशी शिक्षकांच्या फळ्यावरून त्यांचं नाव कमी झालं होतं. कुणी मुद्दाम केलं नाही, ऑफिसातल्या मुलीने नेहमीप्रमाणे केलं. त्यांच्या तुकड्या दोघांत वाटल्या आणि फळा पूर्ण झाला. त्याच महिन्यात आम्हाला प्रशस्तिपत्र मिळालं आणि चौकात क्लासचा मोठा फ्लेक्स लागला. त्यावर बाण होता, पुराचं पाणी होतं, आणि खाली लिहिलं होतं, पुरातही सहापैकी सहा हजर. तोच फ्लेक्स आता माझ्या अंगावर गुंडाळून पडला आहे.

मॅडम एकदाच आल्या, आपली पुस्तकं न्यायला. शिपायाला विचारून त्या या खोलीत आल्या, जमिनीवर बसल्या आणि माझ्या पोटात तार घातली. कमी केलेला नियम त्यांनी परत घातला. जे गप्प झालंय, त्याच्याकडे आधी जा. मग माझ्या पाठीवरचा आकडा पदराने पुसून स्वच्छ केला आणि निघून गेल्या. आता त्या पुनर्वसनाच्या गावच्या शाळेत शिकवतात, असं ऐकतो. हजेरी घेताना गैरहजर मुलांची नावं आधी वाचतात आणि शाळा सुटली की त्यांच्या घरी जातात, असंही ऐकतो.

दिवाळीनंतर नव्या ड्रोनला लागतात म्हणून माझे चारही पंखे काढून नेले. त्यामुळे आज माझी गत अशी आहे की योग्य तो नियम माझ्यात आहे आणि मला उडता येत नाही. बॅटरीत थोडी धुगधुगी आहे. दर दहा सेकंदांनी मी हजेरी घेतो. सात नंबर, सात नंबर, सात नंबर. तीन चुकतात. मग मी त्याच्याकडे जायला निघतो, रिकाम्या मोटरी थोड्या गरगरतात, आणि फ्लेक्सखालची धूळ उडते.

मित्रांनो, यंत्रांची काळजी घ्या, त्यांना जपा, असं मी तुम्हाला सांगायला हवं. माझ्यासारख्याची गोष्ट बहुधा तिथेच संपते. पण मला जपून आता काय होणार. तुम्ही उद्या वर्गात जाल, तेव्हा फळ्यावरचा आकडा बरोबर असेल. तो नेहमीच बरोबर असतो. तरी एकदा बाक मोजा. जो मागच्या आठवड्यात होता आणि आज नाही, त्याच्या खोलीवर जाऊन या. मला एक्केचाळीस वेळा ऐकू आलं होतं आणि मी जागचा हललो नाही. तुम्हाला तर पाय आहेत.